कागदोपत्री दोघी

दर शनिवारी संध्याकाळी सहा ते साडेआठ मी माझ्या मैत्रिणीला टॅली, म्हणजे कॉम्प्युटरवर हिशेब लिहायचं, शिकवत होते. म्हणजे तिच्या घरी तसं सांगितलेलं होतं. प्रत्यक्षात त्या वेळात ती मिरजेच्या वाटेवरच्या एका कॉफीच्या दुकानात एका माणसासमोर बसलेली असायची आणि मी विश्रामबागेतल्या आमच्या घरी, मोबाईल उपडा ठेवून, भिंतीकडं बघत.

मला बाहेर पडता यायचं नाही. सांगली केवढी? मंडईत गेलं तर तिची आई भेटणार, गणपतीला गेलं तर मावशी, आमराईत चक्कर मारावी तर तिच्या पतसंस्थेतले शिपाईकाका बाकावर बसलेले. मी एकटी कुठं दिसले की टॅलीचा क्लास बंद. म्हणजे तिला निर्धास्त फिरता यावं म्हणून मी घरात कोंडून घ्यायचं, अशी वाटणी झाली होती. ठरवली कुणीच नव्हती.

तिचं नाव लिहीत नाही. त्याचंही नाही. तो मिरजेचा, म्हणून मनातल्या मनात मी त्याला ‘मिरजकर’ म्हणते. सांगलीच्या माणसानं हे नाव कोणत्या सुरात उच्चारलं असेल ते सांगलीच्या माणसाला कळेल.

आमची ओळख एम.कॉम.च्या पहिल्या वर्षातली. अकरा वर्षं झाली. त्यातली बहुतेक वर्षं रविवारी सकाळी हरिपूर. तिचं घर गावभागात. मी स्कूटी तिच्या दारात लावायची आणि तिथून चालत संगमापर्यंत जायचं. कृष्णेला वारणा मिळते तिथं, संगमेश्वराच्या घाटावर बसायचं, एक चहा दोघींत घ्यायचा आणि परत. जाताना ती बोलायची, येताना मी. असाही नियम कुणी केला नव्हता.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांचा २०१८ मधला अभ्यास मी मध्ये वाचला. अनोळखी माणूस जिवलग मित्र व्हायला साधारण दोनशे तास एकत्र घालवावे लागतात, असं त्यात निघालं होतं. मी हिशेबाचं काम करते, त्यामुळं आकडा दिसला की हात शिवशिवतात. रविवारचे दोन तास, वर्षाचे पंचेचाळीस रविवार, गुणिले अकरा. नऊशे नव्वद. फोनवरचे तास वेगळे, आणि २०१९ चा पूर वेगळा.

त्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी पंचेचाळीस. बाहेरच्यांना हे नुसते आकडे वाटतात. आम्ही मात्र पावसाळ्यात एकमेकांना ‘जेवलीस का’ म्हणून विचारत नाही, ‘किती फूट झालं’ विचारतो. गावभागातलं त्यांचं घर बुडालं आणि ती, काका, काकू, दोन सुटकेसा आणि एक मांजर आमच्याकडं आले. अकरा दिवस. लाईट नाही, प्यायच्या पाण्याची मारामार, दूध मिळेल त्या भावानं. रात्री आम्ही दोघी गच्चीवर चटई टाकून पडायचो आणि ती घरातल्या वस्तूंची यादी करायची. ‘आता मिक्सर गेला असेल. आता माझी मार्कलिस्ट.’ पाणी उतरल्यावर तिच्या घरात गुडघाभर गाळ होता. तो आम्ही चार दिवस उपसला. त्याचा वास महिनाभर माझ्या नाकातून गेला नाही. स्वयंपाकघरात, जिथवर पाणी चढलं होतं तिथं, भिंतीवर तिनं पेन्सिलीनं रेघ मारली आणि खाली तारीख घातली. काकूंनी नंतर घर रंगवलं तेव्हा तेवढी वीतभर जागा रंगाऱ्याकडून सोडवून घेतली.

एवढं सगळं असताना ‘तो’ मला दीड महिन्यानं कळला. तिनं हरिपूरच्या घाटावरच सांगितलं, चहा गार होईपर्यंत. मी हसले, तिला मिठी मारली, चिमटा काढला, ‘पार्टी कधी’ म्हटलं. सगळं रीतसर केलं. परतीच्या वाटेवर बोलायची पाळी माझी होती आणि मला काही सुचेना. डोक्यात एकच चाललं होतं, दीड महिना. त्या दीड महिन्यातल्या रविवारी, डोकं दुखतंय म्हणाली तेव्हा आणि मावशीकडं जायचंय म्हणाली तेव्हा, कुठली नोंद खरी होती आणि कुठली नावाला, हे मी मागं जाऊन तपासत होते.

मला तिचा राग आला नव्हता. तो माणूस आवडला नाही असंही नाही, मी त्याला बघितलंच नव्हतं. माझं पद गेलं होतं. अकरा वर्षं तिच्या आयुष्यातली कुठलीही बातमी आधी माझ्याकडं यायची, मग जगाकडं. परीक्षेचा निकाल, पतसंस्थेतली नोकरी, वडिलांचं ऑपरेशन, अगदी केस कापून वाईट दिसतायत हेसुद्धा. आता बातमी माझ्यापर्यंत पोचायची तेव्हा ती आधीच कुणीतरी ऐकलेली असायची. ती सांगायची तेव्हा तिच्या बोलण्याला दुसऱ्यांदा सांगण्याचा सराईतपणा असायचा. हसायच्या जागा ठरलेल्या.

आणि मी माझं कुणाला सांगू? मी मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब लिहिते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आम्हाला ते आमच्या नखांवरून आधीच ठाऊक होतं. एका दुपारी एक म्हातारे शेतकरी पट्टी घ्यायला आले होते. माझ्या टेबलावरचा नमुना उचलून म्हणाले, “पोरी, आवाज ऐकलास का कधी?” आणि माझ्या कानाशी धरून त्यांनी हळकुंड कटकन मोडलं. चांगलं वाळलेलं हळकुंड मोडताना पितळेसारखं वाजतं. चार वर्षं मी हळदीची बिलं करतेय, मला हे माहीत नव्हतं. आत केशरी, जवळजवळ लाल. मला इतका आनंद झाला की मोबाईल उचलला, तिचं नाव काढलं, आणि थांबले. ती फोन उचलेल, ‘हो का, भारी’ म्हणेल, आणि मागून कुणीतरी काहीतरी बोलेल. मोबाईल ठेवला. मोडलेलं हळकुंड ड्रॉवरमध्ये टाकलं. अजून आहे.

एकटं पडणं म्हणतात ते मला असं भेटलं. गच्च भरलेल्या घरात, आई, बाबा, आजी आणि धाकटा भाऊ असताना, सांगण्याजोग्या बारीक गोष्टी साठत जायच्या आणि त्यांना उतरायला जागा नसायची.

बरं, या दुखण्याला आपल्याकडं नावही नाही. मुलगी सासरी निघाली की दारात सगळे रडतात. त्या रडण्याला परवानगी असते, कुणी तरी पदर पुढं करतं. प्रेमभंगाला गाणी आहेत. मैत्रिणीला माणूस मिळाला तर मात्र पेढे मागायचे असतात. आईला मी एकदा आडून सांगायचा प्रयत्न केला, की हल्ली करमत नाही. आई कणीक मळत होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि म्हणाली, “मग त्या कवठेमहांकाळच्या स्थळाचं काय करायचं ते सांग.” आमच्याकडं बाईच्या प्रत्येक उदासीवर एकच औषध आहे. दुकानातसुद्धा हमाल लोक मला चिडवतात, “ताई, एवढ्या हळदीत बसता, तुम्हाला कधी लागायची?” मीही हसते. पण मला नवरा हवा होता म्हणून करमत नव्हतं असं नाही हो. मला माझी मैत्रीण हवी होती. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे एकतिसाव्या वर्षी कुणाला पटवून द्यायचं म्हणजे फार दम लागतो.

रॉबिन डनबार नावाचे ऑक्सफर्डचे एक अभ्यासक आहेत. माणसं किती नाती पेलू शकतात यावर त्यांचं आयुष्यभराचं काम आहे. २०१० मध्ये त्यांनी मांडलं होतं की माणसाच्या अगदी आतल्या वर्तुळात साधारण पाच जण असतात आणि प्रेमात पडलं की त्यातले सरासरी दोन बाहेर जातात. वेळच उरत नाही, आणि वेळ दिला नाही की नातं विरतं. हे वाचून मला विचित्र बरं वाटलं. म्हणजे माझ्यावर काही खास अन्याय झालेला नव्हता, खर्चाची बाजू अशीच पडते. मग लगेच दुसरा विचार आला. दोन जण जातात म्हणे. तिच्या पाचात मी, आई, बाबा, मावशी आणि पतसंस्थेतली एक. मग दुसरी जागा कुणाची गेली असेल? पुढचा आठवडाभर मी त्या पतसंस्थेतल्या मुलीकडं संशयानं नाही, सहानुभूतीनं बघत होते.

आमच्या दुकानात एक जुने दिवाणजी आहेत. हरिपूरचे. पूर्वी हरिपुरात हळद जमिनीखाली पेवांत साठवायचे. वर माणूस उतरेल एवढं तोंड, खाली खोल पोट. वर्षानुवर्षं माल राहायचा, कीड नाही. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि फार नुकसान झालं. दिवाणजींकडं पेवांच्या गोष्टी संपत नाहीत. एकदा चहा पिताना सांगत होते, “पेव उघडल्या उघडल्या आत उतरायचं नाही. आतली हवा मेलेली असते. माणूस तिथंच बसतो. तोंड उघडं टाकायचं, वारं खेळू द्यायचं, दिवा सोडून बघायचा, आणि मग उतरायचं.” मी व्हाउचर फाईल करत होते, नुसतं हूं हूं म्हणत होते.

त्यांचं ते बोलणं मला आठवलं ते एका शनिवारच्या रात्री. त्या दिवशी घरात मिरच्या संपल्या होत्या आणि मी चार महिन्यांत पहिल्यांदा क्लासच्या वेळेत बाहेर पडले. दहा मिनिटांचं तर काम. मंडईत मिरच्या निवडत होते आणि मागून कुणीतरी कोपर धरलं.

“अगं, तू हितं? आणि ती?”

काकू होत्या. हातात दोन पिशव्या.

“ती घरी आहे काकू. एन्ट्र्या करत बसलीय. मी आपलं मिरच्या न्यायला आले.”

“मग चल की, मी पण येते. तिला घेऊनच जाते रिक्षानं.”

खोटं बोलताना माझे कान लाल होतात. त्या दिवशी ते मंडईतल्या बल्बसारखे पेटले असणार. “नको काकू,” मी म्हटलं, “तिचा ताळेबंद जुळत नाहीये. आत्ता उठवलं तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल.”

काकूंनी माझ्याकडं बघितलं. मग पिशवीतून मेथीची एक जुडी काढून माझ्या पिशवीत घातली. “जेवूनच जाऊ दे तिला मग. तुझ्याकडं असली की मला घोर नसतो.”

मी तिला चार फोन केले. एकही उचलला नाही. पाचव्यांदा ‘आपण ज्यांच्याशी संपर्क साधू इच्छिता’ सुरू झालं तेव्हा मी बंद केला. घरी येऊन मेथी निवडत बसले. काकूंनी दोघींच्या जेवणाएवढी दिली होती. पानं वेगळी, काड्या वेगळ्या, आणि मधेच माझ्या लक्षात आलं की मी रडतेय. हात मेथीचे होते, डोळेही पुसता येईनात.

त्या रात्री मी तिला एक मेसेज लिहिला. मोजून सांगत नाही, पण बोट दुखेपर्यंत लिहिला. २०१९ काढला. गाळ काढला. मार्कलिस्टसुद्धा काढली. आणि पाठवायच्या आधी दिवाणजींचं पेव आठवलं. ती आतली हवा मेलेलीच होती, चार महिने झाकलेली. मेसेज पुसला नाही, तसाच ठेवला. तीन आठवडे ठेवला. रोज थोडा वाचायचे आणि रोज त्यातली एखादी ओळ मला स्वतःलाच खोटी वाटून काढावी लागायची. ‘तू मला वापरलंस’ ही ओळ तिसऱ्या दिवशी गेली. मी होऊन ‘माझं नाव सांग’ म्हटलं होतं, पहिल्याच आठवड्यात, मोठ्या तोऱ्यात. कारण कट रचायचा म्हणजे आम्ही पुन्हा दोघी असणार होतो. शेवटी मेसेजात एकच वाक्य उरलं. तेवढ्यासाठी मेसेज कशाला? मी ते हरिपूरला बोलले.

“पुढच्या शनिवारपासून माझं नाव सांगू नकोस घरी.”

“का? आई काय म्हणाली का?”

“नाही. आईनं मेथी दिली.”

“मग?”

“मला शनिवारी बाहेर जायचं असतं.”

“कुठं?” तिनं विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारलं. आणि तेच फार लागलं, कारण उत्तर माझ्याकडं नव्हतं. अकरा वर्षांत मी तिच्याशिवाय कुठं गेलेच नव्हते. समोर वारणेचं पाणी गढूळ आणि कृष्णेचं थोडं कमी गढूळ, दोन्ही मिळून पुढं चाललेलं. आम्ही दोघी त्याच्याकडं बघत बसलो. चहा दोघींनी वेगवेगळा घेतला.

एकोणीस दिवस तिचा फोन आला नाही. माझाही गेला नाही.

पहिल्या शनिवारी मी हट्टानं बाहेर पडले. आयर्विन पुलावर जाऊन उभी राहिले. हा पूल १९२९ सालचा. त्याच्यावर उभं राहून मी काय करणार होते कोण जाणे. दहा मिनिटांत पाय दुखले. दुसऱ्या शनिवारी आमच्या नेहमीच्या भेळेच्या गाड्यावर गेले. “एक भेळ,” म्हटलं. त्यांच्या हाताला सवय, त्यांनी दोन केल्या. एक तिखट, एक बिनकांद्याची. मला ‘एकच’ म्हणायचं जिवावर आलं, दोन्ही खाल्ल्या. रात्रभर पोटात आग. बिनकांद्याची भेळ इतकी बेचव असते हे मला अकरा वर्षांनी कळलं. ही बाई काय म्हणून खात होती?

तिसऱ्या शनिवारी नगर वाचनालयाची बंद पडलेली वर्गणी पुन्हा भरली. तिथं दोन निवृत्त शिक्षिका दर शनिवारी येतात आणि दिवाळी अंकावरून भांडतात. मी त्यांच्या मधल्या खुर्चीवर बसते. एकदा त्यातल्या एकींना मी हळकुंडाच्या आवाजाची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, “आमच्या लहानपणी आम्ही दातांनी मोडायचो.” आणि दात दाखवले. फार काही नाही, पण ती गोष्ट एकदाची उतरली. रविवारी मात्र काही जमलं नाही. हरिपूरला एकटीनं जाऊन बघितलं, अर्ध्या वाटेतून परत आले. जाताना गप्प बसायचं आणि येतानाही गप्प बसायचं, एवढं लांब नाही चालवत.

जुलै अखेरीस पावसानं धरलं. कोयनेतून पाणी सोडलं की इकडं सगळ्यांचे मोबाईल वाजायला लागतात. कर्नाळ रोडवर पाणी आलं. रात्री पावणेदहाला तिचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही.

“किती झालं?”

“सदतीस,” मी म्हटलं. मला पाठ होतं. मी दिवसभर तेच बघत होते. “चढतंय, पण सावकाश. चाळीसला इशारा आहे, अजून वेळ आहे.”

“बाबा ऐकेनात. सामान वर न्यायचंय. येतीस?”

मी गेले. दारात एक अनोळखी हेल्मेट होतं. आत मिरजकर. काकूंना सांगितलं होतं की पतसंस्थेतले सहकारी आहेत, मदतीला आलेत. टॅली झाली, आता सहकारी. काकूंनी त्याला चहा दिला तो चांगल्या कपात, त्यावरून मी ओळखलं की काकूंना सगळं कळलेलं आहे आणि त्या सांगायची वाट बघतायत. ठेंगणा, जाड चष्म्याचा माणूस. कपाट उचलताना त्यानं नेमकं जड टोक पकडलं आणि जिन्यावर अडकला. मी खालून ओरडले, “फिरवा, फिरवा, आधी पाय वर घ्या.” तो म्हणाला, “कुणाचे?” मला हसू आलं, कपाट हलायला लागलं, आणि वरून ती ओरडली, “हसू नकोस गं, पडेल!”

फ्रिज, सिलिंडर, तांदळाचा डबा, काकूंची शिलाई मशीन. बारा वाजले. स्वयंपाकघरात तो हात धुवायला आला आणि भिंतीपाशी थांबला. सगळी भिंत फिकट हिरवी आणि मध्येच वीतभर जुना, पोपडे आलेला चुना. त्यावर पेन्सिलीची रेघ, त्याच्या डोक्याच्याही वर.

“हे काय आहे?” त्यानं विचारलं.

ती गॅसची नळी सोडवत खाली वाकलेली होती. मान वर न करता म्हणाली, “ही सांगेल. मी त्या वेळी नुसती रडत होते, तिला सगळं नीट आठवतं.”

मी ओले हात ओढणीला पुसले. “त्या दिवशी सकाळी पाणी बावन्न फुटांवर होतं,” मी सुरुवात केली.

“त्रेपन्न,” ती म्हणाली.